रेशन बुकापासून खिडकीतल्या ताऱ्यापर्यंत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दुसऱ्या महायुद्धात सैनिक परदेशी लढत होते, तेव्हा अमेरिकेत घरोघरी जे कागद, बिल्ले, नाणी, पोस्टर आणि झेंडे वापरात होते, त्यांना संग्राहक ‘होमफ्रंट’च्या वस्तू म्हणतात. इस्टेट सेल (वारलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाची विक्री), गॅरेज सेल आणि जुन्या घरांच्या माळ्यांवरून अशा वस्तू हाती आलेल्या वाचकांचे काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत जुने घर घेतले. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात चार रेशन बुके आणि मूठभर लाल-निळ्या चकत्या आहेत. इंटरनेटवर अशाच एका पुस्तकाला २५० डॉलर किंमत लावलेली दिसली. मग आमच्या डब्याचे काय?

किंमत लावणे वेगळे आणि ती मिळणे वेगळे. रेशन बुक ही या छंदातली सर्वांत मुबलक वस्तू आहे. ऑफिस ऑफ प्राइस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे ओपीए, या सरकारी खात्याने माणशी एक पुस्तक दिले होते, अगदी पाळण्यातल्या बाळालाही. पहिले पुस्तक मे १९४२ मध्ये साखरेसाठी निघाले, दुसरे १९४३ च्या सुरुवातीला, तिसरे आणि चौथे त्याच वर्षी पुढे. प्रत्येक पुस्तकाच्या दहा कोटींहून जास्त प्रती वाटल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर लोकांनी त्या आठवण म्हणून ठेवून दिल्या. साध्या, वापरलेल्या पुस्तकाला पाच ते पंधरा डॉलर येतात. चारही पुस्तके एकाच माणसाची आणि मूळ पाकिटात असतील तर थोडे जास्त.

पुस्तक ओळखायला आतले स्टॅम्प पाहा. दुसऱ्या पुस्तकात लाल आणि निळे स्टॅम्प आहेत, त्यांवर एक अक्षर आणि ८, ५, २ किंवा १ हा गुणांचा आकडा. तिसऱ्यात तोफा, रणगाडे, जहाजे आणि विमानांची छोटी चित्रे. चौथ्यात काही स्टॅम्पांवर ‘साखर’, ‘कॉफी’, ‘जादा’ असे इंग्रजी शब्द छापलेले आहेत.

किंमत वाढते ती पुस्तकावर लिहिलेल्या मजकुरामुळे. पहिल्या पुस्तकात धारकाची उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, वय असे सगळे भरलेले असते. वयाच्या जागी ‘३ महिने’ लिहिलेले पुस्तक कोणाही संग्राहकाला आवडते. पत्ता मान्झनार, अमाची किंवा जपानी-अमेरिकन लोकांना कोंडलेल्या दुसऱ्या एखाद्या छावणीचा असेल, तर ते पुस्तक दहा डॉलरच्या ढिगात टाकू नका. त्याला इतिहासाच्या संग्रहालयांकडूनही मागणी असते. म्हणून विकण्याआधी चारही मुखपृष्ठे शांतपणे वाचा.

लाल-निळ्या चकत्या म्हणजे ओपीए टोकन. २७ फेब्रुवारी १९४४ पासून रेशनचा प्रत्येक लाल-निळा स्टॅम्प दहा गुणांचा झाला. सात गुणांचे मांस घेतले तर तीन गुण परत द्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यासाठी सुट्या पैशांसारखी ही टोकने निघाली. लाल टोकन मांस, लोणी, चरबी यांच्यासाठी. निळे डबाबंद फळे-भाज्यांसाठी. व्यास १६ मिलिमीटर, साहित्य व्हल्कनाइज्ड फायबर, म्हणजे दाबून घट्ट केलेला कागदी तंतू. सिनसिनाटीच्या ऑस्बोर्न रजिस्टर कंपनीने ती बनवली. मधल्या १ च्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर असते आणि गंमत त्या अक्षरांच्या जोड्यांमध्ये आहे. लालमध्ये ३० जोड्या, निळ्यामध्ये २४. पूर्ण संच ५४ टोकनांचा. बहुतेक टोकने मुठीने विकली जातात, एकेकट्याला काही सेंट ते एखादा डॉलर. लालमधली एमव्ही ही जोडी मात्र दुर्मिळ आहे, संच पूर्ण करणारे तिच्यासाठीच अडून बसतात. तुमची लाल टोकने एका ओळीत मांडून एमव्ही आहे का एवढे आधी बघा.

टोकने धुऊ नका. फायबर पाणी पिऊन फुगते, वाकते, आणि रंग सुटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की काम झाले. पुस्तकांचे स्टेपल गंजले असतील तरी ओढून काढू नका. बहुतेक वेळा त्याबरोबर कागदाचा तुकडा येतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. साध्या मऊ प्लॅस्टिकचे, म्हणजे पीव्हीसीचे पाकीट काही वर्षांनी चिकट होते आणि शाई उचलते. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही.

प्रश्न: अँटिक मॉलमधून ‘वुई कॅन डू इट!’चे पोस्टर घेतले. ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेली, दंड दाखवणारी कामगार बाई. विकणाऱ्याने ‘मूळ १९४३ चे’ म्हटले. कसे तपासावे?

शक्यता जवळजवळ शून्य आहे, हे आधीच सांगितलेले बरे. जे. हॉवर्ड मिलर यांनी हे चित्र वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केले. ते कंपनीच्या कारखान्यांत १५ ते २८ फेब्रुवारी १९४३ असे दोनच आठवडे लागले, छापल्या गेल्या सुमारे १,८०० प्रती, आकार १७ बाय २२ इंच. बाहेरच्या जगाने ते पाहिलेही नव्हते. आज ज्याला सगळे ‘रोझी’ (रोझी द रिव्हेटर, युद्धकाळातल्या कामगार बाईचे प्रतीक) म्हणतात ते नाव या चित्राला कितीतरी नंतर चिकटले. १९८० च्या दशकापासून त्याच्या प्रती मगांवर, टी-शर्टवर आणि अर्थात पोस्टरवर निघत आल्या आहेत. मूळ पोस्टरच्या तळाशी लावायच्या तारखा आणि वॉर प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटिंग कमिटीचे नाव आहे, पण नकलांमध्येही ते जसेच्या तसे उतरते. त्यामुळे तारखा दिसल्या म्हणून पोस्टर मूळ ठरत नाही.

खरी तपासणी कोणत्याही युद्धकालीन पोस्टरला लागू पडते, म्हणून ती नीट सांगतो.

आधी मोजपट्टी. मूळ आकार माहीत असेल आणि हातातले पोस्टर अर्धा-पाऊण इंचाने कमी असेल, तर एकतर कडा छाटल्या आहेत किंवा ती नक्कल आहे. मग दहापट भिंग घ्या आणि चित्र सोडून तळाची बारीक अक्षरे पाहा. बरेच जण इथेच चुकतात. चित्रात ठिपके दिसले की ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतात, पण १९४३ च्या ऑफसेट छपाईतही ठिपके असतातच. फरक अक्षरांत सापडतो. मूळ छपाईत बारीक अक्षर सलग, भरीव शाईचे असते, कड स्वच्छ. मूळ पोस्टरचा फोटो काढून छापलेल्या नकलेत तेच अक्षर ठिपक्यांत फुटलेले दिसते, कड मुंग्या लागल्यासारखी. इंकजेटची प्रत असेल तर ठिपके ओळीत नसतात, रंगाचा फवारा उडाल्यासारखे कसेही पसरलेले असतात.

त्यानंतर घड्या. ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन, म्हणजे ओडब्ल्यूआय, या सरकारच्या युद्धप्रचार खात्याची पोस्टरे टपालाने घडी घालून पाठवली जात, म्हणून घडीच्या रेघा असणे हा दोष नाही. उलट डोळे मिटून रेघेवरून बोट फिरवा. रेघ दिसते पण बोटाला लागत नाही, म्हणजे घडी छापलेली आहे! नक्कल करणाऱ्याने मूळ पोस्टरच्या घड्यांचाही फोटो काढलेला असतो. खऱ्या घडीवर कागदाचा तंतू मोडलेला असतो आणि मागच्या बाजूलाही ती उठते.

शेवटी अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्ये साधारण १९५० नंतर सर्रास आली. पोस्टर निळसर-पांढरे झळकले तर ते युद्धातले नाही. झळकले नाही म्हणून मात्र ते मूळच आहे असेही नाही. आजही असा कागद मिळतो. या चाचणीने नापास करता येते, पास करता येत नाही.

खरे ओडब्ल्यूआय पोस्टर ओळखायला तळाच्या कडेची ओळ उपयोगी पडते: सरकारी छापखान्याचे नाव, वर्ष आणि क्रमांक. कड छाटली की ती ओळ जाते आणि तिच्याबरोबर किमतीचा मोठा भागही. फ्रेममध्ये बसावे म्हणून कडा कापलेली पोस्टरे कितीतरी आहेत. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांच्या ‘चार स्वातंत्र्ये’ची पोस्टरे याच खात्याने १९४३ मध्ये काढली आणि एकाच चित्राची वेगवेगळ्या आकारांत छापली. लाखोंनी छापली गेल्याने ती आजही मिळतात. मोठ्या आकाराची आणि चारही एकसारख्या अवस्थेतली मिळणे अवघड, म्हणून सुट्या चार पोस्टरांपेक्षा संचाला भाव जास्त.

पोस्टर पुठ्ठ्यावर गरम दाबून चिकटवले असेल तर भाव पडतो. कापडावर बसवलेले असेल, आणि ते काम संवर्धकाने पाण्याने सुटणाऱ्या खळीने केले असेल, तर बाजाराला चालते.

प्रश्न: १९४३ ची पेनी (एक सेंटचे नाणे) तांब्याची असेल तर लाखो डॉलर मिळतात म्हणे. माझ्याकडे तांबूस रंगाची एक आहे.

आधी चुंबक लावा. तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते म्हणून १९४३ च्या पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या, तिन्ही टांकसाळी मिळून शंभर कोटींहून जास्त. चिकटली, म्हणजे पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा दिला आहे. चिकटली नाही, तर वजन करा: पोलादी २.७० ग्रॅम, ब्राँझची ३.११. वजन ३.११ भरले तरी हुरळू नका, भिंगाखाली ३ चा आकडा पाहा. १९४८ च्या पेनीतल्या ८ ची डावी बाजू कोरून ३ केलेला असतो. खऱ्या ३ चे खालचे शेपूट लांब, ओळीखाली उतरलेले असते; कोरलेल्याचे आखूड आणि शेजारचे मैदान खरवडलेले. या तिन्हींतून पार पडली, तरच मान्यताप्राप्त नाणे-तपासणी संस्थेकडे पाठवण्याचा खर्च करा. चुकून ब्राँझच्या चकतीवर पडलेल्या अस्सल पेनी अगदी मोजक्या आहेत. डेन्व्हरच्या टांकसाळीची आजवर माहीत असलेली एकमेव पेनी २०१० मध्ये १७ लाख डॉलरना विकली गेली.

साध्या पोलादी पेनीला दहा-वीस सेंटांपासून भाव. आरशासारखी चकचकीत दिसली तर समजा नव्याने मुलामा दिलेली आहे, शोभेपलीकडे तिला किंमत नाही.

त्याच ढिगात १९४२ ते १९४५ ची पाच सेंटची निकेलही शोधा. मागच्या बाजूला माँटिसेलो या इमारतीच्या घुमटाच्या वर मोठे पी, डी किंवा एस (टांकसाळीची खूण) असेल तर त्यात ३५ टक्के चांदी आहे, म्हणजे ५ ग्रॅमच्या नाण्यात १.७५ ग्रॅम. इतक्या चांदीचा त्या दिवसाचा भाव हीच त्याची किमान किंमत. १९४४ चे निकेल घुमटावर एकही अक्षर नसलेले सापडले तर ते न्यू जर्सीत १९५० च्या दशकात बनवलेले नकली नाणे. नकली करणारा टांकसाळीची खूण घालायलाच विसरला.

प्रश्न: पांढऱ्या कापडाला लाल कड, मध्ये सोनेरी तारा, असा छोटा झेंडा ओहायोतल्या एका सेलमध्ये घेतला. निळ्या ताऱ्याच्या झेंड्यापेक्षा याची किंमत बरीच जास्त सांगितली. बरोबर आहे का?

हा घराच्या खिडकीत लावायचा झेंडा. निळा तारा म्हणजे घरातले एक माणूस सैन्यात, सोनेरी म्हणजे ते युद्धात मरण पावले. ही पद्धत १९१७ पासूनची, त्यामुळे नुसत्या नक्षीवरून युद्ध कोणते ते ठरत नाही. सोनेरी ताऱ्याचे झेंडे कमी असतात आणि महाग जातात. म्हणूनच निळ्यावर नवा सोनेरी तारा शिवून विकण्याचे प्रकार होतात.

झेंडा उलटा करून उजेडासमोर धरा. सोनेरी तारा सहसा निळ्यावरच शिवलेला असतो आणि त्याची बारीक निळी कड बाहेर राहते. तेव्हा खाली निळा असणे बरोबरच. दोन्ही ताऱ्यांचे धागे वेगळे असणेही साहजिक, कारण दुसरा तारा काही महिन्यांनी घरीच शिवला जाई. पाहायचे ते एवढेच: सोनेरी ताऱ्याखालचा निळा रंग ताजा आणि उघड्या कडेचा उन्हाने विटलेला असा फरक आहे का? असेल तर तारा बराच काळ तिथे आहे. सगळा निळा सारखाच विटलेला असेल, तर झेंडा निळ्या ताऱ्यासह वर्षानुवर्षे उन्हात राहिला आणि सोनेरी तारा अलीकडचा.

धाग्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च टाका. झळकला तर तो पॉलिएस्टरचा असू शकतो, आणि पॉलिएस्टरचा धागा किंवा कापड १९५० च्या दशकाआधी अमेरिकेच्या बाजारात नव्हते. मात्र इथे एक फसगत होते. जुने सुती कापड कोणी नंतर डिटर्जंटने धुतले असेल तर तेही झळकते. फक्त धागाच झळकला आणि कापड नाही, तर संशय घ्या.

एका निळ्या ताऱ्याचे रेयॉनचे झेंडे दोन आकडी डॉलरांत मिळतात. तीन-चार ताऱ्यांचे, आणि घरच्यांच्या नावाची चिठ्ठी, फोटो किंवा सैन्याची तार सोबत असलेले, बरेच वर जातात. तुमच्याबरोबर तसे काही आले असेल तर झेंड्यापासून वेगळे करू नका. एकदा जोडी फुटली की नाव परत जोडता येत नाही.

प्रश्न: जुन्या पुस्तकात २५ डॉलरचा १९४४ चा सिरीज ई वॉर बाँड (युद्धासाठी सरकारने काढलेला बचत रोखा) सापडला, नाव अनोळखी. विकता येईल?

नाही. हा बाँड ज्याच्या नावे आहे त्याचाच, किंवा सहमालकाचा आणि वारसांचा. हस्तांतर होत नाही. १८.७५ डॉलरला विकलेल्या या बाँडवर ४० वर्षे व्याज चढले आणि थांबले, पण अर्थखाते तो आजही वठवते. वठवलेले बाँड खात्याकडेच जमा होत, म्हणजे तुमच्या हातातला बहुधा न वठवलेला असेल. नाव आणि गाव पाहून वारसांचा शोध घ्या.

बाँडऐवजी बचतीचे स्टॅम्प चिकटवायची वही मिळाली तर ती विकता येते. मिनिटमन, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला नागरी सैनिक, याच्या चित्राचे २५ सेंटचे ७५ स्टॅम्प भरले की बरोबर १८.७५ होत आणि वही देऊन बाँड मिळे. म्हणून पूर्ण भरलेल्या वह्या कमी, अर्धवट भरलेल्या खूप.

प्रश्न: पांढरे हेल्मेट, त्यावर निळ्या वर्तुळात त्रिकोण आणि त्रिकोणात लाल-पांढरे तिरके पट्टे. सोबत पिवळा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचे यंत्र, हेही होते. दोन्ही एकाच युद्धातले?

हेल्मेट दुसऱ्या महायुद्धातले असू शकते, काउंटर नाही. तिरके पट्टे ही हवाई हल्ल्याच्या वॉर्डनची, म्हणजे नागरी संरक्षणातल्या स्वयंसेवकाची खूण, मे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ऑफिस ऑफ सिव्हिलियन डिफेन्स या नागरी संरक्षण खात्याची. पिवळे काउंटर १९५० आणि ६० च्या दशकांतले, अणुबाँबच्या भीतीच्या काळातले. विकणारे दोन्ही एकत्र मांडतात.

हेल्मेटचा आकार पहिल्या महायुद्धातल्या थाळीसारखा असतो, त्यामुळे जुनी सैनिकी हेल्मेट पांढरी रंगवून वॉर्डनची म्हणून विकणे सोपे जाते. कडेचे ओरखडे भिंगाखाली पाहा. ओरखडा रंग फोडून गेला असेल तर ठीक. ओरखड्याच्या आत रंग उतरला असेल तर रंग नंतरचा. गंजावरून मारलेला रंगही तसाच.

प्रश्न: ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे काचेचे जुने गोळे घेतले. आत चंदेरी लेप नाही, वरची टोपी पुठ्ठ्याची. खराब माल आहे का?

उलट तीच युद्धकाळाची खूण आहे. धातू युद्धासाठी गेल्याने शायनी ब्राइटसारख्या ब्रँडच्या गोळ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या आल्या आणि आतला चंदेरी लेप गेला. टोपी ओली करू नका आणि बदलू नका. धातूची टोपी बसवली की ते साधे जुने गोळे होतात. याच कारणाने लायनेल या खेळण्यांच्या कंपनीने १९४३ मध्ये खेळण्यातली आगगाडी चक्क कागदाची काढली. तिचे तक्ते सुटे न केलेले मिळाले तर सुटे करू नका, जोडलेल्या गाडीपेक्षा त्यांनाच भाव जास्त. नंतरच्या काळात तिच्या नकलाही निघाल्या आहेत.

प्रश्न: वर्ष छापलेले नसलेल्या वस्तूचे वय कसे काढावे, आणि विम्यासाठी यादी करताना किंमत कोणती धरावी?

पत्ता आणि पेटंट, या दोन खुणा सर्वांत भरवशाच्या. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक, जसे ‘शिकागो ७’, ही मे १९४३ नंतरची पद्धत. पाच आकडी झिप (अमेरिकेचा पिनकोड) १९६३ नंतरचा, तो दिसला की प्रश्न मिटला. पेटंट क्रमांक असेल तर १९४२ ची सुरुवात २२,६८,५४० ने झाली आणि १९४६ ची २३,९१,८५६ ने. यामधला क्रमांक म्हणजे वस्तू १९४२ आधीची नाही, एवढेच. नंतर कितीही वर्षे ती बनत राहिली असेल. ४८ ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा १९१२ ते १९५९ असा चालला, त्यावरून युद्धकाळ ठरवू नका. दागिन्यांसारख्या बिल्ल्यांवर ‘स्टर्लिंग’ शिक्का मात्र लक्षात घ्या. साध्या धातूंवर बंधने आल्याने कारागीर चांदीकडे वळले. युद्धासाठी उत्तम उत्पादन करणाऱ्या कारखान्यांच्या कामगारांना मिळालेला आर्मी-नेव्ही ‘ई’ बिल्लाही चांदीचाच असे. हा सन्मान ४,२८३ कारखान्यांनाच मिळाला. मूळ कार्डावर, कारखान्याच्या नावासह असेल तर सुट्या बिल्ल्यापेक्षा चांगली किंमत येते.

किमतीसाठी विकल्या गेलेल्या किमान तीन वस्तूंचे आकडे घ्या, मागितलेल्या किमतींचे नाही. अवस्था तुमच्या वस्तूइतकीच असावी, विक्री गेल्या वर्ष-दीड वर्षातली असावी. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचे कमिशन धरले आहे का ते पाहा. नाहीतर आकडा उगाच फुगतो. विम्याला बदली किंमत लागते, म्हणजे तीच वस्तू उद्या दुकानातून घ्यायला किती पडेल. दुकानदाराला विकायला गेलात तर त्याच्या निम्मे किंवा कमी मिळेल. त्याचे भाडे, थांबलेला पैसा आणि नफा त्यातूनच निघतो. संग्रहालयाला देणगी देऊन करात सूट घ्यायची असेल आणि मागायची वजावट ५,००० डॉलरच्या वर जात असेल, तर पात्र मूल्यमापकाचा लेखी अहवाल लागतो. एकसारख्या वस्तूंची बेरीज धरली जाते, तेव्हा पोस्टरांचा गठ्ठा सुटा-सुटा दाखवून सुटका होत नाही.

यादीत प्रत्येक वस्तूचा पुढून-मागून फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. वजन, माप, दोष, आणि कुठून कधी कितीला घेतली ते. पावती त्याच पाकिटात ठेवू नका, तिची शाई कागदावर उठते.